सासरच्या आडनावानं शोधलं की बाई सापडत नाही

प्रश्न : गेली सहा वर्षं मी ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुटुंबाची वंशावळ भरते आहे. अकराशेच्या आसपास माणसं झाली. नातेवाईक फोनवर विचारतात, ‘सुमती केळकर आहेत का गं तुझ्या यादीत?’ मी शोधते, काहीच येत नाही. महिन्याभरानं लक्षात येतं, की त्या ‘सुमती जोशी’ म्हणून कधीच्या भरलेल्या आहेत. म्हणून मग काही बायकांची नावं सासरच्या आडनावानं भरली, काहींच्या आडनावापुढे कंसात माहेर लिहिलं, माहेर माहीत नव्हतं तिथे ‘अज्ञात’ टाकलं. आता एकच बाई दोन-दोनदा सापडते. मुख्य नाव कुठलं ठेवायचं? दोन्ही नावांनी शोध लागेल अशी काही सोय आहे का? की सगळं पुन्हा भरायचं? – एक वाचक

उत्तर : ताई, पुन्हा काहीच भरायला नको. माहिती बरोबर आहे, ती फक्त चुकीच्या खणात पडली आहे.

आधी एक भेद मनात पक्का करा. माहेरचं आडनाव त्या बाईचं असतं. सासरचं आडनाव त्या लग्नाचं असतं. वंशावळीच्या जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरची रचनाही अशीच आहे. त्यात व्यक्तीची नोंद वेगळी आणि कुटुंबाची नोंद वेगळी असते. पती, पत्नी, मुलं आणि लग्नाची तारीख कुटुंबाच्या नोंदीत बसतात. सुमतीबाईंची नोंद ‘जोशी’ म्हणून असली आणि केळकरांशी त्यांची कुटुंब-नोंद जोडलेली असली, तर त्या केळकरांच्या घरात आहेत हे सॉफ्टवेअरला आधीच माहीत असतं. तुम्ही शोधता आडनावाच्या खणात, आणि ती माहिती आहे नात्याच्या खणात. म्हणून हाती काही लागत नाही.

त्यामुळे मुख्य नाव जन्माचंच ठेवा. कुणाचं जुनं नाव मोठं, कुणाचं नवं, हा इथे मुद्दाच नाही. जन्म एकदाच होतो, लग्नं एकाहून अधिक होऊ शकतात, आणि मुख्य नावाचा खण एकच आहे. तिथे सासरचं आडनाव टाकलं की सॉफ्टवेअरच्या लेखी ती बाई नवऱ्याच्या घरातच जन्मलेली ठरते. आडनावांच्या यादीत ती नणंदांच्या रांगेत जाऊन बसते. ऑनलाइन सेवा आपोआप ज्या जुळण्या सुचवतात, त्या तिला केळकरांच्या लेकींशी ताडून पाहतात आणि तिच्या खऱ्या आईवडिलांपर्यंत पोचतच नाहीत. उलट तिच्या माहेरच्या बाजूनं कुणी वंशावळ भरत असेल, तर तिथे ती ‘जोशी’ असते आणि इथे ‘केळकर’. दोन्ही झाडं एकमेकांना ओळखत नाहीत.

माहेरचं आडनाव माहीत नसेल तर तो खण कोरा ठेवा. ‘अज्ञात’, प्रश्नचिन्ह, ‘माहीत नाही’ यांतलं काहीही लिहू नका. सॉफ्टवेअरला ‘अज्ञात’ हे ‘जोशी’सारखंच एक आडनाव वाटतं. तुमच्या यादीतल्या अशा सगळ्या बायका मग एकाच अज्ञात घराण्याच्या होतात, आणि दुबार नोंदी शोधताना ‘आडनाव जुळलं’ म्हणून त्यांना एकमेकींशी जोडण्याची सूचना येते. कोऱ्या खणाचा त्रास नाही. ग्रॅम्प्स तिथे स्वतःहून ‘आडनाव नाही’ अशा अर्थाचा मजकूर दाखवतं. तो फक्त पडद्यावर दिसतो, माहितीत शिरत नाही. शिवाय ‘पीपल विथ इनकम्प्लीट नेम्स’ हा फिल्टरचा, म्हणजे यादी गाळण्याचा, नियम लावला की अपुऱ्या नावांची यादी एका क्लिकमध्ये निघते. पुढच्या वेळी नातेवाइकांना काय विचारायचं, याची तीच यादी.

आता सासरचं नाव कुठे लिहायचं? ग्रॅम्प्समध्ये व्यक्तीची नोंद उघडा, ‘नेम्स’ या टॅबवर जा, अधिकच्या चिन्हावर क्लिक करा. नावाची नवी खिडकी उघडेल. प्रकार ‘मॅरीड नेम’ निवडा. मग पहिलं नाव ‘सुमती’ आणि आडनाव ‘केळकर’ दोन्ही लिहा. इथे बहुतेकांची चूक होते. पहिलं नाव वर आहेच, म्हणून इथे नुसतं आडनाव भरलं जातं. पण ही नवी ओळ स्वतंत्र नाव म्हणून साठते; वरच्या ओळीतून ती काहीही उसनं घेत नाही. पहिलं नाव रिकामं राहिलं, तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर तिथे नावाशिवाय नुसतं ‘केळकर’ उरतं. लग्नानंतर पहिलं नावही बदललं असेल, तर या ओळीत तेच नवं नाव लिहायचं. त्याच खिडकीत तारखेचा रकाना आहे; लग्नाचं साल माहीत असेल तर ‘त्या सालानंतर’ अशी तारीख द्या. नाव कुठून कळलं, तो स्रोतही तिथेच जोडता येतो. घरात ज्या लाडक्या नावानं हाक मारतात ते टोपणनावाच्या रकान्यात जाऊ द्या, पहिल्या नावाला चिकटवू नका.

दोन लग्नं असतील तर दोन ओळी, प्रत्येकीला आपापली तारीख. जोडआडनाव लावत असतील तर ग्रॅम्प्स एकाच नावात एकाहून अधिक आडनावं घेतं, मध्ये जोडचिन्हही ठेवता येतं. ‘जोशी-केळकर’ असा एकच लांबलचक शब्द लिहिण्यापेक्षा ते बरं, कारण दोन्ही आडनावं सुटी शोधता येतात. आणि ज्या बाईनं नाव बदललंच नाही, तिला सासरचं नाव लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाही.

हाच नियम आम्ही जरा ताणून सांगू. सासरच्या नावाची ओळ तेव्हाच भरा, जेव्हा ते नाव खरंच कुठेतरी वापरलेलं दिसलं आहे: दाखल्यावर, पत्रावर, लग्नपत्रिकेत, किंवा ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडी. अकराशेपैकी प्रत्येक विवाहित बाईला नवऱ्याचं आडनाव यांत्रिकपणे चिकटवलंत, तर दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही, की यातलं पुराव्याचं कुठलं आणि अंदाजाचं कुठलं. ओळ भरली नाही तरी बाई शोधता येते. ते कसं, ते पुढे येतंच आहे.

आधी साधा शोध. ग्रॅम्प्समध्ये शोधायच्या दोन जागा आहेत आणि त्या सारख्या नाहीत. यादीच्या वर येणारी शोधपट्टी फक्त यादीत दिसणारं, म्हणजे मुख्य नाव बघते. साइडबारमधलं, म्हणजे बाजूच्या पट्टीतलं, फिल्टर पर्यायी नावंही बघतं. तुम्ही आजवर वरची शोधपट्टीच वापरत असाल, तर सासरची नावं भरूनही ती सापडली नसती. ‘व्ह्यू’ मेनूतून साइडबार चालू करा, ‘नेम’च्या रकान्यात ‘सुमती केळकर’ लिहा आणि ‘फाइंड’ दाबा. निकालात ओळ दिसेल ती ‘जोशी, सुमती’ अशी. हे पाहून पुष्कळांना वाटतं, की शोध चुकला. तो चुकलेला नाही. जुळलं सासरचं नाव, यादीत दिसतं मुख्य नाव.

आता ज्यांच्या नोंदीत सासरचं नाव मुळीच लिहिलेलं नाही, त्यांच्यासाठी नात्याचा रस्ता. यासाठी दोन फिल्टर लागतात आणि ते एकदाच बनवायचे असतात. ‘एडिट’ मेनूतून ‘पर्सन फिल्टर एडिटर’ उघडा. पहिल्या फिल्टरला ‘केळकर पुरुष’ असं नाव द्या. त्यात दोन नियम घाला: ‘पीपल विथ द नेम’ या नियमात आडनाव ‘केळकर’, आणि दुसरा नियम ‘मेल्स’. दोन्ही नियम लागू झालेच पाहिजेत असा पर्याय ठेवा. दुसरा नियम वगळू नका, कारण पहिला नियम पर्यायी नावंही तपासतो. ज्या बायकांना ‘केळकर’ हे सासरचं नाव दिलं आहे त्याही मग पहिल्याच यादीत शिरतील, आणि पुढे ‘त्यांचे जोडीदार’ म्हणून नवरेच परत येतील. दुसऱ्या फिल्टरला नाव द्या ‘केळकरांच्या सुना’. त्यात ‘फॅमिली फिल्टर्स’खाली ‘स्पाउसेस ऑफ फिल्टर मॅच’ हा नियम आहे. तो निवडून त्याला पहिला फिल्टर जोडा. साठवा. साइडबारमध्ये सानुकूल फिल्टरच्या यादीतून ‘केळकरांच्या सुना’ निवडला, की केळकरांच्या घरात लग्न होऊन आलेल्या सगळ्या बायका माहेरच्या नावानिशी समोर येतात. उद्या दामल्यांच्या सुना हव्या असतील तर फक्त पहिल्या फिल्टरमधलं आडनाव बदला. दुसरा आपोआप त्याच्या मागे जातो.

या रस्त्यानंही बाई सापडली नाही, तर कारण बहुधा एकच असतं: लग्न जोडलेलंच नाही. मुलं आईला जोडली आणि वडिलांचा खण रिकामा राहिला, किंवा नवऱ्याचं नाव नोंद न करता टिपणात लिहून ठेवलं. नवऱ्याबद्दल नावापलीकडे काही माहीत नसलं तरी त्याची वेगळी व्यक्ती-नोंद करा. सुनांच्या शोधाचा सगळा भार त्या एका दुव्यावर आहे.

इतर सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण कधीतरी तुम्ही झाड कुणाशी वाटून घ्यालच. फॅमिली ट्री मेकरमध्ये नावांच्या सेटिंगखाली ‘यूज मॅरीड नेम्स फॉर फीमेल्स’ असा पर्याय आहे; तो चालू केला की कुटुंबाच्या नोंदीवरून सासरचं नाव तयार होतं आणि बाई यादीत दोन्ही नावांनी दिसते. वेबट्रीजमध्ये आडनावांच्या यादीत सासरची आडनावं धरायची की वगळायची हे ठरवता येतं, शिवाय झाडाच्या सेटिंगमध्ये आडनावाची परंपरा निवडता येते. मायहेरिटेजमध्ये विवाहानंतरच्या आडनावाला वेगळा रकाना आहे. फॅमिलीसर्चच्या सामाईक झाडात मुख्य जागी जन्मनाव आणि ‘इतर माहिती’खाली पर्यायी नाव, अशी मांडणी आहे. यांतली जी सॉफ्टवेअर सासरचं नाव स्वतः तयार करतात, ती सोयीची असली तरी नाव न बदललेल्या बाईलाही ती नवऱ्याचं आडनाव लावून मोकळी होतात. छापील वंशावळ काढण्याआधी तो पर्याय बंद आहे ना, ते बघून घ्या.

कुठल्याही सॉफ्टवेअरची पारख करायला पाच मिनिटांची एक चाचणी पुरते. एक बनावट बाई तयार करा, मुख्य आडनाव ‘ठठठ’, सासरचं ‘झझझ’. मग दिसेल त्या प्रत्येक शोधखणात ‘झझझ’ टाकून बघा. कुठे ती सापडते आणि कुठे नाही, ते कागदावर लिहून ठेवा आणि नोंद पुसून टाका. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली की हे पुन्हा करा. माहितीपुस्तिकेपेक्षा या कागदावर जास्त भरवसा ठेवता येतो.

आता एक अशी अडचण, जी देवनागरीत नावं भरणाऱ्यांनाच येते आणि जिचा दोष उगाच सासर-माहेरावर जातो. नाव डोळ्यांना अगदी तेच दिसतं, पण शोधात येत नाही. ‘कऱ्हाडकर’ घ्या. यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग ‘ह’. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲ’चं. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात याला २००८ साली स्वतंत्र अक्षर मिळालं. त्याआधी, आणि काही कीबोर्डवर अजूनही, ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिलं जातं. ‘ॲनी’ हे नाव मोबाइलवरून एका प्रकारे भरलं आणि संगणकावरून दुसऱ्या प्रकारे शोधलं, तर गाठ पडेलच असं नाही.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. यादीतलं नाव उचलून शोधखणात चिकटवा. चिकटवल्यावर सापडतं आणि हातानं टाइप केल्यावर सापडत नाही, म्हणजे आतली अक्षरं वेगळी आहेत. मग ते नाव एकाच कीबोर्डवरून पुन्हा टाइप करून टाका. दांडेकर-दाण्डेकर, जोशी-जोषी असे लेखनभेद मात्र पुसून टाकू नका. जुन्या कागदावर जे आहे ते पर्यायी नाव म्हणून राहू द्या. शोधताना साइडबारमध्ये ‘यूज रेग्युलर एक्स्प्रेशन’वर (चिन्हं वापरून नमुन्यानं शोधण्याची पद्धत) खूण करून दोन रूपांच्या मध्ये उभी रेघ द्या, म्हणजे ‘जोशी|जोषी’. दोन्ही एकदम येतात.

उच्चारावरून शोधणाऱ्या साउंडेक्सवर विसंबू नका. ही पद्धत १९१८ च्या एका अमेरिकी पेटंटमधून आली आणि ती रोमन अक्षरांसाठीच बांधलेली आहे. देवनागरी नावाला तिच्याकडे संकेतांकच नाही. रोमनमध्ये लिहिलेल्या आपल्या आडनावांनाही ती पुरी पडत नाही, कारण पहिलं अक्षर ती जसंच्या तसं ठेवते आणि फक्त पुढच्या व्यंजनांना आकडे देते. ‘फडके’ हे ‘पीएच’नं लिहिलं तर संकेतांक येतो पी ३२०, ‘एफ’नं लिहिलं तर एफ ३२०. ‘वाघ’ एकदा व्ही २००, एकदा डब्ल्यू २००. साउंडेक्सच्या हिशेबी ही चार वेगळी घराणी. परदेशी नातेवाइकांशी झाड जुळवायचं असेल, तर कागदपत्रांवरचं रोमन स्पेलिंग ‘ऑल्सो नोन अ‍ॅज’ प्रकारचं पर्यायी नाव म्हणून भरा. पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरं स्पेलिंग असेल तर दोन्ही.

आता साचलेला घोळ कसा काढायचा. सर्वांत आधी ‘मेक बॅकअप’नं पूर्ण प्रत काढा आणि ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नंतर सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, स्वरूपात निर्यात करून ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा. तिच्यात व्यक्तींचा एक तक्ता असतो आणि लग्नांचा वेगळा, ज्यात पती आणि पत्नी त्यांच्या क्रमांकांनी दिलेले असतात. लग्नांच्या तक्त्याशेजारी दोन नवे रकाने घ्या, ‘व्हीलुकअप’ या स्प्रेडशीटच्या सूत्रानं त्या क्रमांकांवरून पतीचं आणि पत्नीचं आडनाव तिथे आणा आणि तिसऱ्या रकान्यात दोन्ही सारखी आहेत का ते तपासा. जिथे सारखी निघतील, ती तुमची दुरुस्तीची यादी. त्यातही काही जोडपी खरोखरच एका आडनावाची असतील, तेवढी बघून वगळा. एक जपा: या सीएसव्हीत पर्यायी नावं येत नाहीत. ती फक्त यादी काढायला वापरा. तीच फाइल सुधारून परत झाडात ओतू नका.

यादीतल्या प्रत्येक बाईसाठी आधीचं नाव खोडायची गरज नाही. ‘नेम्स’ टॅबमध्ये माहेरचं नाव नवी ओळ म्हणून घाला, प्रकार ‘बर्थ नेम’. त्या ओळीवर उजवी क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट नेम’ निवडा. माहेरचं नाव मुख्य होतं आणि आधीचं सासरचं नाव आपोआप पर्यायी यादीत उतरतं. ती उतरलेली ओळ उघडून तिचा प्रकार मात्र ‘मॅरीड नेम’ करा. ही शेवटची पायरी राहून जाते, आणि मग एकाच बाईला दोन ‘जन्मनावं’ दिसतात. माहेर माहीतच नसेल, तर नव्या ओळीत पहिलं नाव लिहून आडनाव कोरं ठेवा आणि बाकी सगळं तसंच करा.

कंसवाल्या नोंदी शोधायला ‘नेम’च्या रकान्यात नुसता उघडा कंस टाका, पण रेग्युलर एक्स्प्रेशनवरची खूण काढून, त्या पद्धतीत कंसाला वेगळा अर्थ आहे आणि शोध फसतो.

दुबार नोंदींना हात शेवटी लावा, आडनावं सरळ झाल्यावर. ‘फाइंड पॉसिबल ड्युप्लिकेट पीपल’ हे साधन मुख्य आडनावाप्रमाणे गट करून त्या-त्या गटात तुलना करतं. आज ते चालवलंत तर ‘सुमती जोशी’ आणि ‘सुमती केळकर’ एकमेकींसमोर येणारच नाहीत. साउंडेक्सचा पर्याय तिथे बंद ठेवा. जोडी सापडली की दोन्ही ओळी निवडून ‘मर्ज’, म्हणजे एकत्र, करा, पण त्याआधी पती, मुलांची नावं आणि जन्मसाल, यांतल्या किमान दोन गोष्टी जुळतात का पाहा. एका घरात एकाच नावाच्या दोन सुना असणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करणं फार किचकट काम आहे. मर्ज झाल्यावर दुसऱ्या नोंदीचं मुख्य नाव पर्यायी नाव म्हणून शिल्लक राहतं. त्याचा प्रकार तपासून घ्या.

झाड दुसरीकडे नेताना सासरची नावं कशी गळतात, तेही बघा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाण्याची ठरलेली वाट म्हणजे जेडकॉम फाइल. तिच्यात आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये असतं. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडली तर प्रमाणित मांडणी अशी दिसते (खऱ्या फाइलीत टॅग, म्हणजे ‘नेम’, ‘टाइप’ असे खुणेचे शब्द, आणि आकडे रोमन लिपीत असतात):

१ नेम सुमती /जोशी/
२ टाइप बर्थ
१ नेम सुमती /केळकर/
२ टाइप मॅरीड

काही सॉफ्टवेअर मात्र स्वतःचा टॅग वापरतात:

१ नेम सुमती /जोशी/
२ _मार्नम सुमती /केळकर/

अंडरस्कोअरनं सुरू होणारा टॅग प्रमाणाबाहेरचा असतो. समोरचं सॉफ्टवेअर तो समजून घेईल, टिपणात ढकलेल किंवा सरळ सोडून देईल. तिन्ही शक्य आहे. पहिली मांडणी जास्त भरवशाची, कारण ‘मॅरीड’ हा प्रकार जेडकॉमच्या ५.५.१ या आवृत्तीत आहे आणि २०२१ च्या ७.० मध्येही आहे. अनेक नावं असतील तर सगळ्यांत वरचं मुख्य धरलं जातं, म्हणून जन्मनाव पहिल्या ओळीतच हवं. ५.५.१ मध्ये ‘बर्थ’ (जन्माचं) आणि ‘मेडन’ (माहेरचं) असे दोन्ही प्रकार आहेत. तुम्ही सगळीकडे ‘बर्थ’च वापरा, नाहीतर एकच नाव दोनदा भरलं जातं. फाइलीच्या सुरुवातीला लिपीचा संकेत यूटीएफ-८ आहे ना ते पाहा. जुन्या ‘अ‍ॅन्सेल’ संकेतात देवनागरी टिकत नाही, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. सगळं झाड पाठवण्याआधी तीन बायकांचं छोटं झाड पाठवून बघा: एक दोनदा लग्न झालेली, एक नाव न बदललेली, एक माहेर माहीत नसलेली. या तिघी नीट पोचल्या, तर अकराशे माणसं पोचतील.

बाहेरच्या नोंदसंग्रहांत शोधताना बाई कुठल्या नावानं सापडेल, ते त्या देशाच्या पद्धतीवर ठरतं. स्कॉटलंडच्या मृत्यूनोंदींच्या सूचीत विवाहित स्त्री दोन्ही आडनावांखाली मिळते. नेदरलँड्सच्या नागरी नोंदींत ती आयुष्यभर जन्मनावानंच असते. क्वेबेकमध्ये १९८१ पासून कायद्यानं जन्मनावच चालतं. इंग्लंड-वेल्सच्या छापील जन्मसूचीत सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासून मुलाच्या नावासोबत आईचं माहेरचं आडनाव येतं. म्हणजे आईचं माहेर मुलांच्या नोंदीवरून कळतं. संकेतस्थळावर आडनाव अडत असेल तर तो रकाना कोराच ठेवा. बाईचं पहिलं नाव, नवऱ्याचं पहिलं नाव आणि अंदाजे सालाच्या मागेपुढे पाच वर्षं एवढंच द्या. तेही फसलं तर तिला सोडा आणि फक्त आईवडिलांच्या रकान्यांत दोघांची नावं घालून मुलं शोधा.

झाड ऑनलाइन टाकणार असाल, तर हयात बायकांची माहेरची आडनावं उघडी ठेवू नका. आईचं माहेरचं आडनाव हा ओळख पटवण्याचा प्रश्न म्हणून आजही विचारला जातो. निर्यातीच्या खिडकीत हयात व्यक्ती वगळण्याचा आणि खासगी नोंदी वगळण्याचा, असे दोन वेगळे पर्याय आहेत. दोन्हींवर खूण करा आणि तयार झालेली फाइल उघडून एखाद्या हयात बाईचं नाव त्यात शोधून पाहा.

आणि पुढचा फोन आला, ‘सुमती केळकर आहेत का गं’, की लगेच हो-नाही सांगू नका. त्यांच्या यजमानांचं नाव विचारा, एखाद्या मुलाचं नाव विचारा. यजमानांच्या नोंदीवर जा, पत्नीच्या जागी कोण आहे ते बघा. तिथे आडनाव कोरं असेल, तर फोनवरच्या माणसाला विचारा, ‘त्यांचं माहेर कुठलं?’ आणि उत्तर कुणी दिलं ते तारखेसकट स्रोतात लिहून ठेवा.